महेश्वरच्या घाटावर जलरंग फसतात. निसर्गचित्रकार म्हणून पुढची वाट कशी आखावी?

नवखा_कुंचला (इंदूर)

नमस्कार मंडळी. चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे अरे-तुरे केलंत तरी चालेल. निसर्गचित्रण हाच मुख्य विषय धरायचा असं ठरवलंय. वर्गात जमतं, पण जागेवर बसलं की तीन गोष्टी हमखास बिघडतात.

१. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यावर सुकतो, कडा धरतो आणि फुलकोबीसारखे डाग येतात. कागद साधा २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम), पाव इम्पीरियल (११ × १५ इंच). वेळ सकाळी दहा ते बारा.
२. झाडं प्लास्टिकची दिसतात. सॅप ग्रीनची (तयार हिरव्याची) ट्यूब थेट वापरतो.
३. घाटाच्या पायऱ्यांवरच्या सावल्या चित्र संपेपर्यंत बदलतात. मग मी त्या दुरुस्त करत बसतो आणि सगळं मळकट होतं.

दुसरा प्रश्न पुढच्या आयुष्याचा. चित्रकार ना. श्री. बेंद्रे आपल्याच इंदूरचे. निसर्गचित्रावर त्यांनी संसार कसा चालवला? आजच्या काळात त्यातलं काय घेता येईल?

---

सुकी_कड (इंदूर)

पहिल्या प्रश्नापासून घेऊ, कारण तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

दोष हाताचा कमी आणि कागदाचा जास्त आहे. २०० जीएसएमचा साधा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. तो पाणी पृष्ठभागावरच ठेवतो, आत धरत नाही. माळव्यात मार्चनंतर हवा इतकी कोरडी असते की हे वरचं पाणी पाच-सात मिनिटांत उडून जातं. शंभर टक्के कापसाचा ३०० जीएसएम कागद पाणी आत धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. महाग आहे, मान्य. पण पूर्ण इम्पीरियल ताव, म्हणजे २२ × ३० इंच, घेऊन त्याचे चार तुकडे केले तर ११ × १५ चे चार कागद मिळतात, आणि दोन्ही बाजू वापरता येतात. सराव साध्या कागदावर आणि जागेवरचं काम चांगल्यावर, ही वाटणी उलटी करू नकोस.

जागेवर असं कर:

कागद दोन्ही बाजूंनी सपाट ब्रशने भिजव. तीन-चार मिनिटं मुरू दे, मग पुन्हा एकदा भिजव. आता तो सहा मिलिमीटरच्या प्लायवर ठेव. प्लायला आधी दोन हात वॉर्निश मारलेलं असावं, नाहीतर लाकूडच पाणी पिऊन टाकतं. ओला कागद बोर्डाला आपोआप चिकटतो. चिमटे फक्त वाऱ्यासाठी. मागची बाजू ओली असल्यामुळे वरच्या बाजूला हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, एप्रिलमध्ये दहा-बारा.

आकाशाचा रंग वाटीत आधी कालवून ठेव. पाव इम्पीरियलच्या आकाशाला तीन-चार चमचे पातळ रंग लागतो. वाटतो त्यापेक्षा दुप्पट कर. अर्ध्यात रंग संपला आणि पुन्हा कालवायला बसलास की कड तिथेच बसणार. बोर्ड दहा-पंधरा अंश तिरका ठेव, खालच्या काठावर थेंबांची ओळ साचू दे आणि प्रत्येक पुढचा फटकारा त्या ओळीला उचलून खाली नेऊ दे.

फुलकोबीचं कारण एकच: कागदावर आहे त्यापेक्षा ब्रशमध्ये पाणी जास्त. कागदाची चकाकी गेली, पण हाताला गार लागतोय, ही सगळ्यात धोक्याची वेळ. तेव्हा ब्रश लावायचाच नाही. एकतर चकाकी असताना काम करायचं, नाहीतर पूर्ण सुकू द्यायचं. ढगाची खालची सावली चकाकीतच सोड, आणि ब्रश फडक्यावर टेकवून त्यातलं पाणी अर्धं कर.

उन्हाळ्यात अर्ध्या कप पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकता येतात, सुकणं लांबतं. जास्त टाकलंस तर चित्र चिकट राहतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. म्हणून मी ते एप्रिल-मेपुरतंच सांगेन.

आणखी एक. कागदावर थेट ऊन पडू देऊ नकोस. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, त्यामुळे रंग गडद वाटेपर्यंत आपण वाढवत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री पांढरी, करडी किंवा काळी चालेल. लाल-निळी नको, तिचा रंग कागदावर पडतो आणि सगळी मिश्रणं फसतात.

---

नर्मदेची_दिशा (महेश्वर रोड)

सावल्यांचं मी सांगतो, कारण महेश्वरला प्रश्न वेळेचा आणि दिशेचा आहे.

नर्मदा पश्चिमेला वाहते आणि महेश्वर उत्तर तीरावर आहे. म्हणजे घाट आणि किल्ल्याची नदीकडची भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहेत. डिसेंबरमध्ये सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडूनच जातो. साडेआठ-नऊला ऊन घाटावर तिरपं घासत येतं. प्रत्येक पायरी, बुरुज, कमान सुटी होते. भर दुपारी सूर्य जेमतेम ४४ अंशांवर असतो, म्हणजे खांबाची सावली जवळपास खांबाएवढीच. हा महिना घाट काढायला उत्तम.

जूनमध्ये उलट. महेश्वर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. त्या वेळी घाटाच्या दर्शनी भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. तेव्हा कितीही कौशल्य लावलं तरी भिंत सपाट दिसणार. त्या दिवसांत पाणी, होड्या आणि आकाशच काढावं.

घड्याळाचंही लक्षात ठेव. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आपण जवळपास ७६ वर. म्हणून इंदूर-महेश्वरला खरी मध्यान्ह बाराला न होता साडेबाराच्या आसपास होते. तू बाराला उठतोस, म्हणजे सावल्या सगळ्यात आखूड असताना तुझं काम संपतं. दहा ते बारा ही वेळ निवडीतच चुकली. हिवाळ्यात आठ ते साडेनऊ, नाहीतर चार ते साडेपाच.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड तासात सावली ओळखू न येण्याइतकी बदलते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत, रंगाआधी, वहीत काडेपेटीएवढा चौकोन काढून त्यात फक्त तीन छटा भर: कोरा कागद म्हणजे ऊन, मधली पेन्सिल म्हणजे अर्धछाया, गडद म्हणजे सावली. खाली वेळ लिही. मग मोठ्या कागदावर सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आख. त्यानंतर ऊन कुठेही जाऊ दे, तुझं चित्र त्या लिहिलेल्या वेळेचंच राहील. समोरच्या नवीन सावलीकडे पाहून जुनी दुरुस्त केलीस की एका चित्रात दोन सूर्य येतात आणि रंग मळतो तो वेगळा.

सावली एका वेळी, एकाच फटक्यात, पारदर्शक ठेवून घाल: अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), दगडाजवळ सिएना जास्त, पाण्याजवळ निळा जास्त. ओली असतानाच पायरीखाली थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) सोड. शेजारच्या उन्हातल्या दगडावरून उडालेला उजेड सावलीत असतोच, आणि तो नसला तर सावली भोक पडल्यासारखी दिसते.

सगळा घाट एका नजरेत हवा असेल तर पलीकडे नावडातोलीच्या काठावर जा. तिथून उत्तरेकडे बघशील आणि ऊन पाठीमागून-बाजूने येईल. मात्र हिवाळ्यातल्या दुपारी ऊन अगदी पाठीशी असतं, मग उठाव जातो.

---

पळसपान

हिरव्याबद्दल थोडक्यात. सॅप ग्रीन वाईट नाही, पण माळव्यातलं एकही झाड त्या रंगाचं नाही. तीन-चार भाग सॅप ग्रीनमध्ये एक भाग बर्न्ट सिएना टाकलास तरी निम्मं काम होतं. त्याहून बरं म्हणजे ट्यूब बंद ठेवून मिसळ:

कडुनिंबाची दाट छाया: अल्ट्रामरीन + यलो ऑकर + जरासा बर्न्ट सिएना.
गव्हाचं कोवळं शेत: लेमन यलो + सेरुलियन (आकाशी निळा).
पावसाळ्यातलं गवत: गॅम्बोज ह्यू (ऊबदार पिवळा) + प्रशियन ब्लू, निळा अगदी थेंबभर, कारण प्रशियन सगळं गिळतो.
फेब्रुवारीतला सागवान: यात हिरवा जवळजवळ नाहीच. यलो ऑकर, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि करडा.

चोरल-पातालपाणीच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा मागचा डोंगर मुद्दाम करडा-जांभळा ठेवावा लागतो. केशरी रंग ट्यूबमधला कितीही तेज असला तरी शेजारी हिरवा भडक असेल तर तो पेटत नाही.

माळव्याची काळी माती सुद्धा काळ्या ट्यूबने काढू नकोस. ओली असताना बर्न्ट अंबर + अल्ट्रामरीन घट्ट, सुकल्यावर तेच पाणी घालून आणि थोडा ऑकर टाकून. नांगरलेल्या ढेकळांना ड्राय ब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचे फटकारे.

---

बडोदे_कलाभवन_गल्ली (वडोदरा)

बेंद्र्यांवर लिहितो. त्यांच्या आयुष्याकडे नीट पाहिलं तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, पण ते तुला वाटतं तसं नाही. निसर्गचित्रं विकून संसार, असं ते सरळ चाललं नाही.

नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१०, इंदूर. १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इंदूरला चित्रकलेची शाळा उभी केली. बेंद्रे तिथलेच, आणि पुढे विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी, एम. एफ. हुसेन हेही त्याच शाळेतून गेले. विद्यार्थ्यांना बाहेर नेऊन समोरचं पाहून काम करायला लावायचं, हा देवळालीकरांच्या शिकवण्याचा कणा होता. परीक्षा मात्र मुंबईची. बेंद्र्यांनी १९३३ ला पदवी घेतली आणि १९३४ ला मुंबईची चित्रकलेची पदविका. म्हणजे साधी पदवीही होती, जागेवरचा हातही होता आणि मुंबईचा शिक्काही होता.

पुढचा टप्पा सगळ्यात शिकण्यासारखा. १९३६ पासून सुमारे तीन वर्षं ते काश्मीर सरकारच्या पर्यटन खात्यात चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरीला होते. निसर्गचित्र काढणं हाच नोकरीचा भाग. रोज वेगळं हवामान, रोज वेगळा उजेड, आणि महिन्याला पगार. त्या काळातला त्यांचा जलरंगाचा आणि अपारदर्शक रंगाचा हात असा रोजच्या कामातून तयार झाला. नंतर मद्रासला चित्रपटाचं कलादिग्दर्शन, १९४५ ला शांतिनिकेतन, १९४७-४८ ला अमेरिका. १९५० मध्ये आमच्या सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला तेव्हा चित्रकलेचे प्रमुख म्हणून आले, १९५९ ला अधिष्ठाता झाले आणि १९६६ ला नोकरी सोडली. त्या सोळा वर्षांत पगार शिकवण्याचा होता.

आणि ते एकाच शैलीत थांबले नाहीत. बडोद्यात घनवादाकडे (वस्तू भौमितिक आकारांत मांडणाऱ्या शैलीकडे) गेले, पुढे रंगांच्या ठिपक्यांनी चित्र बांधायला लागले. पण ठिपक्यांच्या चित्रांतलाही उजेड पाहा. झाडाखालची सावली कुठे थंड होते आणि कुठे ऊब घेते, हे बाहेर बसल्याशिवाय येत नाही. १९६९ ला पद्मश्री, १९९२ ला पद्मभूषण, आणि त्याच वर्षी निधन.

तर घ्यायचं काय? नोकरी अशी शोध जिचं काम बाहेर रेखाटण्याशी जोडलेलं असेल, किंवा जी दिवसाची पहिली दोन तास मोकळी सोडेल. शाळेत चित्रकला शिक्षक, वारसा वास्तूंची रेखाटनं, वास्तुविशारदांसाठी दृश्यचित्रं, पुस्तकांची चित्रं. पगार आणि चित्र यांचं भांडण लावून देऊ नकोस. भांडणात पहिल्या वर्षी चित्र जिंकतं आणि तिसऱ्या वर्षी ते बंद पडतं.

बेंद्र्यांची मूळ चित्रं जिथे पाहायला मिळतील तिथे जवळून पाहा. पुनर्मुद्रणात अपारदर्शक रंगाची जाडी दिसत नाही आणि ती न पाहता त्यांची नक्कल केली की खडूसारखं चित्र होतं.

---

सुकी_कड (इंदूर)

वरच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. अपारदर्शक जलरंग, म्हणजे पांढरा मिसळून, आपल्या हवेत शिकायला सोयीचा आहे. हलक्यावर गडद आणि गडदावर हलका, दोन्ही चालतं. करड्या किंवा मातकट कागदावर कर, मग मधली छटा आयती मिळते. पण दोन सापळे आहेत. पांढरा मिसळलेल्या रंगाची छटा सुकल्यावर बदलते, म्हणून कागदाच्या तुकड्यावर सुकवून बघ. आणि दुसरा थर देताना ब्रश दोनदा फिरवलास की खालचा थर विरघळून वर येतो. एक फटका, हात उचल.

---

नर्मदेची_दिशा (महेश्वर रोड)

पांढऱ्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला आधी वर्षभर पारदर्शक रंगच द्यावा. पांढरा हाताशी असला की चूक झाकायची सवय लागते आणि कागदाचा पांढरा राखून ठेवायची शिस्त येत नाही. घाटावरच्या धुणं वाळत घातलेल्या दोरीचा पांढरा हा कोऱ्या कागदाचाच हवा. तिथे लावलेला पांढरा नेहमी निळसर आणि मेलेला दिसतो.

---

नवखा_कुंचला (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. सावल्यांचा चौकोन आणि दिशेचं गणित कोणी असं सांगितलंच नव्हतं. सुकी_कड काका, कागद बदलतो. वर्षभर पारदर्शक रंगावरच राहीन, मग दुसरीकडे वळेन.

दोन शंका राहिल्या. चित्रं टिकवायची कशी? गेल्या पावसाळ्यात चार चित्रांवर तपकिरी ठिपके आले. आणि विक्रीला ठेवायची असतील तर किमतीचं आणि हक्काचं काय?

---

काच_आणि_माउंट

तपकिरी ठिपके म्हणजे बहुधा बुरशी, आणि तिला खतपाणी घालतो तो माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा पुठ्ठा. साध्या पुठ्ठ्यात आम्ल असतं आणि तो ओल ओढतो. फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट बोर्ड सांग आणि मागेही तोच लावायला सांग. तो महाग म्हणाला तर निदान चित्राला टेकणारा थर तरी आम्लविरहित हवा.

काच चित्राला टेकू द्यायची नाही. माउंटची जाडी त्यासाठीच असते. काच टेकली की पावसाळ्यात आतल्या बाजूला दव धरतं आणि रंग काचेला चिकटतो.

चित्र माउंटला सेलोटेपने लावू नकोस. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि निघत नाही. वरच्या काठाला पातळ, लांब धाग्याच्या कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लाव. चित्र वरून टांगलेलं, खालून मोकळं. कागद पावसाळ्यात फुगतो आणि हिवाळ्यात आकसतो. चारही बाजू चिकटवल्या तर मध्ये पोट सुटतं.

फ्रेमच्या मागच्या दोन खालच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटव, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल. बाहेरच्या ओल्या भिंतीवर चित्र लावायचंच नाही.

रंगांचंही बघ. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. पीआर ८३, म्हणजे जुना अ‍ॅलिझरिन क्रिमसन, उजेडात उडतो. त्याच्या जागी पीव्ही १९ घे. अल्ट्रामरीन पीबी २९, ऑकर पीवाय ४३, सिएना पीबीआर ७ हे भरवशाचे. शंका असेल तर रंगाची पट्टी काढ, निम्मी काळ्या कागदाने झाक आणि दक्षिणेच्या खिडकीत तीन महिने ठेव. विकत घेणाऱ्याच्या भिंतीवर जे होणार ते तुला आधीच दिसेल.

---

बडोदे_कलाभवन_गल्ली (वडोदरा)

किंमत आणि हक्क.

किंमत आकारावर ठरव, आवडीवर नको. चौरस इंचाला एक दर धर आणि वर्षभर तो सगळीकडे सारखा ठेव. ओळखीच्याला स्वस्त आणि प्रदर्शनात महाग असं केलंस तर पहिला ग्राहक दुखावतो. फ्रेमचा खर्च दरात मिसळू नकोस, वेगळा लिही. गॅलरी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घेते. ती धरूनच दर काढायचा, कारण गॅलरीतला आणि घरचा दर एकच असावा लागतो.

सुरुवात गावातून. इंदूरला देवळालीकर कला वीथिका आणि प्रीतमलाल दुआ कला वीथिका आहेत. चार-पाच जणांनी मिळून भिंती वाटून घ्या. मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे आणि वार्षिक प्रदर्शनासाठी बाहेरगावच्यांची कामं मागवते. तिथे एक-दोन चित्रं लागली की पुढचे दरवाजे उघडतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी स्वतंत्र प्रदर्शनाची पाळी फार उशिरा येते, अर्ज मात्र लवकर करून ठेवावा. पाळी येईपर्यंत एका विषयावरची वीस-पंचवीस चित्रं हाताशी असावीत. महेश्वरचा घाट, मांडूचे तलाव आणि राजवाडा असं थोडं थोडं मांडण्यापेक्षा एकट्या महेश्वरचे बारा महिने मांडलेले लोकांच्या लक्षात राहतात.

हक्काचं लक्ष देऊन वाच. तू आपल्या मनाने काढलेलं चित्र विकलंस तर घेणाऱ्याकडे फक्त ती वस्तू जाते. छापायचा, कॅलेंडर किंवा कार्ड करायचा हक्क तुझ्याकडेच राहतो, लेखी देऊन टाकला नसेल तर. पण कोणी पैसे ठरवून, सांगून तुझ्याकडून चित्र काढून घेतलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात उलट आहे: वेगळा करार नसेल तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा. म्हणून हॉटेलाचं किंवा बँकेचं काम घेताना ब्रश उचलण्याआधी एक ओळ लिहून घे, की पुनर्मुद्रणाचा हक्क चित्रकाराकडे राहील. हा हक्क चित्रकाराच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे घरच्यांचाही प्रश्न आहे.

प्रत्येक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने जागा, तारीख, वेळ, कागद आणि वापरलेले रंग लिही. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. विकण्याआधी दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, फोटो काढून ठेव. वहीत एक ओळ: चित्र क्रमांक, आकार, कोणाकडे गेलं, कितीला. पुढे स्वतंत्र प्रदर्शन होईल तेव्हा जुनी चित्रं मागून आणावी लागतात, आणि तेव्हा या वहीशिवाय ती सापडत नाहीत.

---

नर्मदेची_दिशा (महेश्वर रोड)

एक राहिलंच. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाणार असशील तर आठच्या आधी पोच. पहाटे नदीवर धुकं असतं, कागद एरवीपेक्षा दुप्पट वेळ ओला राहतो. त्या दिवशी कागद मागून भिजवू नकोस, पुढून एकदाच पुरे, नाहीतर नऊपर्यंत आकाशच सुकणार नाही.